कुमुदताईंच्या नावाचा डबा

कचऱ्याचा डबा माझ्या साडूंना जितका कळला आहे तितका साऱ्या मुंबईत कोणाला कळला नसेल, आणि साडू मला अजून कळलेले नाहीत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, कुमुदताईंचे, हे यजमान. आमची ओळख माझ्या लग्नाइतकी जुनी, म्हणजे चांगली पस्तीस वर्षांची. एवढ्या वर्षांत माणूस पाठ व्हायला हवा. पण यांच्या बाबतीत दर दोन-चार वर्षांनी काहीतरी नवीन निघतं आणि मी पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसतो. मूळचे सावंतवाडीकडचे. वडील गिरणीत होते, पण साडूंनी गिरणीचं तोंड पाहिलं नाही. साकीनाक्याला एका गाळ्यात स्टेनलेस स्टीलचं काम चालायचं, तिथे ते विशीत पॉलिश मारायला म्हणून शिरले आणि केस पांढरे झाल्यावर बाहेर आले. त्या गाळ्यात हॉटेलांची टेबलं, सिंक, पाण्याच्या टाक्या असं सगळंच व्हायचं. साडूंचा जीव मात्र जडला तो बागांमधून, इस्पितळांमधून, रस्त्यांच्या कडेला ठेवतात त्या कचऱ्याच्या डब्यांवर. दोन खांबांच्या मधे झोके घेणारे, गोल घुमटी झाकणाचे, पायाने दाबून उघडायचे, असे किती डबे त्यांच्या हातून गेले ते त्यांनाही सांगता येणार नाही. काम सोडून आता सात वर्षं झाली, बोरीवलीत आमच्यापासून दोन गल्ल्या टाकून राहतात, आणि रस्त्यात डबा दिसला की अजून थांबतात.

नुसते थांबत नाहीत. आधी बोटांच्या पेरांनी डबा दोनदा वाजवतात, कान जरा तिरका करून ऐकतात, मग झाकण उघडून-मिटून बघतात आणि शेवटी खिशातून रुमाल काढून वरचे बोटांचे ठसे पुसतात. त्यांच्या खिशात दोन रुमाल असतात, एक स्वतःचा आणि एक डब्यांचा. डब्यांचा जास्त स्वच्छ असतो. त्यांच्याबरोबर भाजी आणायला निघालं की दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागतो, आणि वाटेत लोक आमच्याकडे ज्या नजरेने बघतात ती मला अजून अंगवळणी पडलेली नाही. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा ताई आणि साडू इस्पितळात भेटायला आले. ताई खोलीत आल्या, साडू आलेच नाहीत. बायको बघायला बाहेर गेली तर हे कॉरिडॉरमध्ये उकिडवे बसलेले, समोर डबा, आणि डोक्याशी संशयाने उभा असलेला वॉचमन. "भाऊजी, काय झालं?" असं तिने घाबरून विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, "काय नाय गो बाय. वरून सगळं चांगलं दिसतंय, पण आतून संपलाय. काढील फार तर सहा महिने." माझे रिपोर्ट त्याच सकाळी यायचे होते. बायको तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. एका डब्याच्या तब्येतीचं हिने इतकं मनाला लावून घ्यावं, याचं साडूंना पुढे कितीतरी दिवस कौतुक वाटत होतं.

लोक शर्टाच्या वरच्या खिशात पेन ठेवतात, साडू लोहचुंबक ठेवतात. दिसेल त्या स्टीलला तो लावून बघायचा, ही त्यांची रीत. लग्नात आहेराची भांडी मांडली की साडू अक्षता पडायच्या आधी तिथे पोचलेले असतात, आणि यजमानाला वाटतं की हे देखरेखीला थांबले आहेत. मला एकदा राहवलं नाही. मी शाळेत चित्रकला शिकवायचो म्हणून ते मला मास्तर म्हणतात, आणि मीही वर्गातल्या मुलासारखंच विचारलं, "भाऊ, चुंबक चिकटला तर माल खोटा, असं ना?"

"असं काय नाय. चांगला थ्री-नॉट-फोर पण वाकवलास की वाकल्या जागेवर थोडा धरतो."

"म्हणजे नाही चिकटला तर चांगला?"

"तसं पण नाय. हलक्यातला टू-नॉट-टू पण धरत नाय."

"मग लावून बघता कशाला?"

साडूंनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "अरे मास्तर, बघायला नको?" ते म्हणाले आणि लोहचुंबक पुसून परत खिशात ठेवला. थ्री-नॉट-फोर म्हणजे उंची स्टील आणि टू-नॉट-टू म्हणजे त्याचा गरीब चुलतभाऊ, एवढं मला त्या दिवसापासून माहीत आहे. बाकी गोंधळ होता तिथेच आहे.

चौकातला डबा किती वर्षं टिकतो, या विषयावर साडू जेवढं बोलतात तेवढं आणखी कशावरच बोलत नाहीत. लोकांना वाटतं डबा गंजून जातो. साडू म्हणतात, गंज बिचारा शेवटी येतो, आधी झाकण जातं. लोक झाकण उचलत नाहीत, ढकलतात. मग बिजागरी ढिली होते, झाकण लोंबायला लागतं, आणि झाकण लोंबलेल्या डब्याचा कोणी मान ठेवत नाही, लोक लांबूनच कचरा भिरकावतात. काही डबे विडीच्या थोटकाने आतून जळून जातात, काही समुद्राच्या खाऱ्या हवेने आणि पानाच्या पिचकाऱ्यांनी. राहिली चोरी, पण चोरीला साडू मरण मानत नाहीत. मुलुंडला एका रस्त्यावरचे त्यांच्या हातचे चार डबे कोणीतरी एका आठवड्यात खांबांसकट उपटून नेले, तेव्हा गाळ्यात सगळे हळहळत होते आणि साडूंनी फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. "बाजूचे प्लास्टिकचे तसेच आहेत. कोणी हात लावला नाय," असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. घाटकोपरला एका इस्पितळाच्या आवारात त्यांचा सगळ्यात जुना डबा अजून उभा आहे. दर दिवाळीच्या आधी ते जाऊन त्याला पॉलिश मारून येतात. तिथला वॉचमन बदलला की नव्या माणसाला हे सगळं प्रकरण पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं, आणि तो दरवेळी आधी वरिष्ठांना फोन करतो.

अशा माणसाबरोबर कुमुदताईंनी संसार कसा केला, असा प्रश्न मला पडायचा. पण ताईंची तऱ्हाही काही कमी नव्हती. त्या रस्त्यावर कचरा टाकायच्या नाहीत, आणि बरोबरच्या माणसालाही टाकू द्यायच्या नाहीत. शेंगांची टरफलं, गोळ्यांचे कागद, कुल्फीच्या काड्या, सगळं त्यांच्या पर्समध्ये जमा व्हायचं. त्यांच्या पर्समधून रुमाल काढायचा तर आधी दोन केळ्यांची सालं बाहेर यायची. नॅशनल पार्कात सहलीला गेलो होतो तेव्हा आम्ही नऊ जणांनी मक्याची कणसं खाल्ली, आणि त्यांचे नऊच्या नऊ दांडे ताई ओढणीत गुंडाळून घरी घेऊन आल्या. वाटेत डबे नव्हते असं नाही, पण एकाचं झाकण तुटलेलं, एक भरून वाहत होता, एकाला बूडच नव्हतं. साडू मग चिडायचे. "जन्मभर मी डबे केले, आणि माझ्याच बायकोला मुंबईत डबा मिळत नाय." ताई शांतपणे म्हणायच्या, "चांगला मिळाला की टाकीन." हे बोलणं मी इतक्यांदा ऐकलं आहे की मला ती नवरा-बायकोची नेहमीची थट्टा वाटायची. साडूंनी ती कधी थट्टेवारी घेतली नव्हती, हे फार उशिरा कळलं.

दोन वर्षांपूर्वी ताई गेल्या. महिन्याभराचं आजारपण, आणि संपलं. साडू कोणासमोर रडले नाहीत. ते तेरा दिवस घरातली भांडी घासत राहिले. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालायची रीत आहे. दुकानदार विचारतो आणि मशिनने टिरटिर करून घालून देतो. साडूंच्या घरातलं एकही नाव मशिनचं नाही. लग्नापासून घेतलेल्या प्रत्येक वाटी-पेल्यावर 'कुमुद' हे त्यांनी स्वतः हातोडी आणि बारीक टोकाची छिन्नी घेऊन कोरलेलं. त्या दिवसांत ओट्यावर ती सगळी भांडी पालथी घालून ठेवलेली असायची, आणि कोणी पाणी मागितलं तर साडू पेला उचलताना एक क्षण घुटमळायचे.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा ते आमच्याकडे येऊन म्हणाले, "कुमुदच्या नावाने बागेत काहीतरी द्यायचं मनात आहे." बायकोचे डोळे भरून आले. आमच्या भागात एक छोटी बाग आहे, तिची देखभाल ज्येष्ठ नागरिकांचं एक मंडळ बघतं, आणि तिथे लोकांनी आपापल्या आईवडिलांच्या स्मरणार्थ बाकं दिलेली आहेत. त्यामुळे 'काहीतरी' म्हणजे काय, हे विचारायची कोणाला गरजच वाटली नाही. साडूंनी मला अक्षरं रेखून द्यायला सांगितली. 'कै. सौ. कुमुद यांच्या स्मरणार्थ.' मी चार दिवस खपून ती काढली. मोजमाप विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हातभर रुंदीत बसव, आणि जागा जरा गोल आहे ती." मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण बाकाची पाठ काही गोल नसते. पण मी गोंधळलो की गप्प बसतो, ही माझी जुनी खोड आहे.

त्या सकाळी आम्ही सगळे बागेत जमलो. पांढरी चादर, वर झेंडूची माळ, मंडळाचे अध्यक्ष सफारीत, हातात भाषणाचा कागद. साडूंनी चादर ओढली आणि आत कमरेएवढ्या उंचीचा, घुमटी झाकणाचा, लखलखीत कचऱ्याचा डबा निघाला. दर्शनी भागावर माझी अक्षरं, छान खोल कोरलेली.  बाजूच्या झाडावर कावळा ओरडत होता. अध्यक्षांना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी कागद उघडून होतं तसं वाचलं, "या बाकावर थकल्याभागल्या जीवांना क्षणभर विसावा मिळेल." साडूंनी मान डोलावली. मग नारळ फुटला, उदबत्त्या लागल्या, पेढे वाटले गेले, आणि एक चमत्कारिक प्रसंग उभा राहिला. नारळाची शेंडी, उदबत्तीचा पुडा, पेढ्यांच्या खोक्याचा दोरा, खालचे बटर पेपर हे सगळं लोकांच्या हातात, समोर कोरा करकरीत डबा, आणि कोणाचाही हात पुढे होईना. "घाला की आत," साडू एकेकाला आग्रह करत होते, जेवायला बसलेल्या पाहुण्याला करावा तसा. शेवटी अध्यक्षांनी नारळाची शेंडी सफारीच्या खिशात घातली आणि नमस्कार करून निघाले.

घरी आल्यावर बायकोने चपला काढल्या आणि म्हणाली, "माझ्या बहिणीचं नाव कचऱ्याच्या डब्यावर. आणि तुम्हाला हे माहीत होतं."

"नव्हतं गं. देवाशपथ नव्हतं."

"अक्षरं कोणी काढली मग?"

 माझी तर वाटच लागली होती. तिचं म्हणणं ऐकलं की ते शंभर टक्के पटायचं. आपल्या माणसाचं नाव आपण जिथे उष्टं-खरकटं टाकतो तिथे घालत नाही. मग साडूंकडे जाऊन त्यांचं ऐकलं की तेही पटायचं. "बाक देऊन काय करू?" ते म्हणाले. "लाकडाचं पाच पावसाळे, सिमेंटचं तडकतं, लोखंडाचं सडतं. हा थ्री-नॉट-फोर आहे, जाड शीट. बिजागरी मी स्वतः केलीय, कोणी लाथ मारली तरी झाकण हलायचं नाय. आपण सगळे जाऊ, डबा राहील. आणि मला सांग, कुमुद कधी बाकावर बसलेली बघितलीस तू? ती डबा शोधत फिरायची रे." मी तिथून निघालो की वाटेत दोन गल्ल्यांमध्ये पुन्हा माझा गोंधळ व्हायचा. तो अपमान होता की माया होती, हे मला ठरवता येईना. बायकोला ठरवता आलं होतं. नाव पुसा आणि मग दारात या, हा तिचा निरोप मी पोचवला. नाव राहणार, हा त्यांचा उलटा निरोप मीच आणला. दसऱ्याला साडू सोनं द्यायला आले तर ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. ताईंच्या मागे त्या दोघांना ताईंबद्दल बोलायला एकमेकांशिवाय फारसं कोणी नव्हतं, आणि तीच दोघं बोलेनाशी झाली, याचा मला फार त्रास व्हायचा.

इकडे बागेत वेगळंच चाललं होतं. डब्याचं झाकण हलत नव्हतं, बिजागरी टिकली होती, ओरखडा नव्हता, आणि डब्यात कचरा नव्हता. लोक यायचे, कागद टाकायला हात पुढे करायचे, 'कै. सौ.' वाचायचे आणि हात मागे घ्यायचे. मग तोच कागद डब्यापासून दोन पावलांवर हळूच ठेवून द्यायचे. महिन्याभरात डब्याभोवती कचऱ्याचं कडं तयार झालं आणि मधे तो चकचकीत उभा. पुढे कोणीतरी झाकणावर जास्वंद ठेवायला लागलं. सकाळी फिरायला येणाऱ्या एक गुजराती आजी समोर चपला काढून हात जोडायच्या. संकष्टीला एकदा तिथे निरांजन आणि साखरफुटाणे दिसले. मंडळाच्या अध्यक्षांनी मला विचारलं, "मास्तर, ह्या बाई कोणी संत वगैरे होत्या का? नाही, लोक विचारतात." मी नाही म्हणालो, पण माझ्या उत्तराने त्यांचं समाधान झाल्यासारखं दिसलं नाही.

साडू रोज समोरच्या, दुसऱ्याच कोणाच्या आजोबांच्या नावाच्या बाकावर जाऊन बसायला लागले. कोणी कागद हातात घेऊन आलं की उठून आर्जवाने सांगायचे, "टाका ना आत, त्याच्यासाठीच आहे." वडापाव खाऊन आलेला एक तरुण म्हणाला, "काका, नाव आहे ना वर. फोटोसमोर टाकल्यासारखं वाटतं यार." शेवटी लोकांना सवय लागावी म्हणून त्यांनी स्वतःच सुरुवात केली. शेंगा घेतल्या, बाकावर बसून खाल्ल्या आणि टरफलं नेऊन झाकण उघडून आत टाकली. तेवढ्यात धावायला आलेले एक गृहस्थ थबकले. मी तिथे होतो, म्हणून सांगतो.

"लाज नाही वाटत?" ते साडूंना म्हणाले. "गेलेल्या बाईच्या नावावर कचरा टाकताय. या वयात?"

"अहो, माझी बायको ती."

"मग तर जास्त लाज वाटायला हवी तुम्हाला."

त्या गृहस्थांनी डब्यात हात घालून टरफलं बाहेर काढली, डबा रुमालाने पुसला, नावाला नमस्कार केला आणि पुढे पळत गेले. साडू त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि ते गिळलं. "मास्तर," ते म्हणाले, "माझा डबा चांगला झाला रे. पण तिका काय त्याचो उपयोग?" मालवणी ते क्वचित बोलतात, फार लागलं म्हणजेच.

चार दिवसांनी ते आमच्या घरी आले. मी दार उघडलं, आणि बायको आत जायच्या आधी उंबऱ्यातूनच म्हणाले, "बाय, तुका विचारूक इलंय. मी नाव काढतंय."

इतके महिने जे मागत होती ते मिळालं, आता ही शांत होईल, असा माझा हिशेब. मी पुन्हा चुकलो. ती एकदम उसळली. "आता कशाला काढताय? सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांनी वाचलं, आता पुसायचं? तुम्हाला ताई काय वाटली, भाऊजी?"

साडू दारातच उभे राहिले. "नाव ठेवलं तर डब्यात कोण काय टाकत नाय गो. सगळा कचरा तिच्या पायाशी पडतो. ती बघती तर काय म्हणती?" मग थांबून म्हणाले, "तू नको म्हणालीस तर नाय काढणार. तुझी बहीण ती."

 दुसऱ्या दिवशी सकाळी बायको मला म्हणाली, "चला बागेत." त्या समारंभानंतर ती पहिल्यांदाच जात होती. डब्याभोवतीचं ते कडं तिने पाहिलं. चहाचे कप, थैल्या, सुकलेली फुलं, आणि त्यात एक कुत्रं झोपलेलं.  मग तिने पर्समधून खोकल्याच्या गोळीचा कागद काढला, झाकणापर्यंत हात नेला, नाव वाचलं आणि हात थांबला. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा कागद मुठीत घट्ट धरून ती मागे वळली. घरी आल्यावर तिने तो कागद स्वयंपाकघरातल्या केराच्या बादलीत टाकला आणि मला म्हणाली, "भाऊजींना सांगा, काढा म्हणावं."  मी निरोप द्यायला गेलो, आणि या वेळी तो निरोप मला कोणाच्याच बाजूचा वाटला नाही.

दुपारी बाग बंद असते तेव्हा माळ्याच्या खोलीतून वीज घेतली. साडूंनी गाळ्यातलं घासायचं हातमशीन मागून आणलं होतं. वायर धरून मी मागे उभा. नाव खोल होतं, आणि ते खोल जावं म्हणून त्यांनी पंधरा दिवस खर्ची घातले होते, त्यामुळे आता तेवढं स्टील घासून काढायला हवं होतं. त्यांनी उजवीकडून सुरुवात केली. 'स्मरणार्थ' गेलं. 'यांच्या' गेलं. मग डावीकडे येऊन त्यांनी 'कै. सौ.' घासलं आणि मशीन बंद केलं. मधे नुसतं 'कुमुद' उरलं होतं. त्या आधीच्या अक्षरांमुळे ते मेलेल्या बाईचं नाव होतं, आता ते कोणी आतून हाक मारली तर ओ देईल अशा बाईचं नाव झालं, त्यांच्या घरातल्या वाट्यांवर आहे तसं. साडूंनी ते रुमालाने पुसलं.

"मास्तर, एवढंच ठेवलं तर?"

मी चित्रकलेचा मास्तर. अक्षरं माझीच होती, आणि मला 'ठेवा' म्हणायचं होतं. पण लोक नुसतं 'कुमुद' वाचून काय करतील, ते मला सांगता येईना. मी म्हणालो, "मला नाही कळत, भाऊ."

"नाय," ते स्वतःशीच म्हणाले. "नाव दिसलं की माणूस थांबतो." आणि त्यांनी मशीन लावलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही, मशिनच्या आवाजात कोणाला ऐकूही गेलं नसतं. साडूंच्या चेहऱ्यावर काळी पूड उडत होती आणि डोळे त्यातून गळत होते, पण मशीन सरळ रेषेत चालत होतं. पत्रा सपाट झाल्यावर त्यांनी पॉलिश मारलं, एकदा, दोनदा, तीनदा, इतकं की डबा कालच्यापेक्षा नवा दिसायला लागला. भोवतीचा कचरा आम्ही दोघांनी गोळा केला, पण डब्यात टाकला नाही. माळ्याच्या गाडीत भरून पाठवला. डबा रिकामाच राहू दे, असं साडू म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. मी दाढी करत होतो, म्हणून बायकोने उचलला. त्या दिवशीच्या त्या चार वाक्यांनंतर ती दोघं बोलली नव्हती, त्यामुळे मी वस्तरा हातात धरून दारात येऊन उभा राहिलो. साडूंचा आवाज मूळचाच मोठा, गाळ्यातला, मलाही स्पष्ट ऐकू येत होता.

"भरला," ते म्हणाले. "गळ्यापर्यंत भरलाय. आत्ता बघून आलो."

 मला वाटलं, बायको फोन माझ्याकडे देईल. तिने दिला नाही. खुर्ची ओढून बसली आणि हलकेच म्हणाली, "काय काय आहे?"

"भेळेचे कागद आहेत. चहाचे कप, खूप आहेत. एक शहाळं आहे, बिस्किटाचे पुडे, एक फुटका फुगा. एक चप्पल पण आहे, एकच, दुसरी नाय दिसली. औषधाची बाटली आहे, पेपर आहे आजचा…"

ती ऐकत होती. मधे एकदा तिने पदर डोळ्यांना लावला. साडू जरा थांबले, बहुधा संपलं असावं, किंवा त्यांना वाटलं असेल की हिला हे ऐकून कंटाळा आला.

"अजून काय होतं, भाऊजी?" तिने विचारलं.